चित्रे कुणाची? लंगड्या पाटाची कैफियत

मी एक जुना पाट आहे आणि मला एकच पाय आहे. मित्रांनो, हसू नका. दुसरा पाय काही अपघातात गेलेला नाही. तो माझ्या मालकाने स्वतःच्या हाताने काढला, आणि त्याबद्दल मी कधी हूं की चूं केलं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. पण पाटावर बसायचं असतं, पाटाचं ऐकायचं नसतं, अशी माणसांची समजूत आहे. म्हणून इतकी वर्षं मी गप्प होतो. आता बोलतो.

माझा जन्म देवरीचा. शालीकराम सुतारांच्या अंगणात सागाची एक फळी दोन वर्षं वाळत पडली होती. १९९९ च्या उन्हाळ्यात त्यांची लेक दुर्गा हिचं लग्न ठरलं, तेव्हा त्यांनी ती फळी मधोमध कापली आणि आंदणासाठी दोन पाट केले. म्हणजे आम्ही जुळे भाऊ. दोघांच्या पोटाखाली दोन दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या, तेच आमचे पाय. फरक इतकाच, की भाऊ सगळीकडून गुळगुळीत निघाला आणि माझ्या उजव्या कोपऱ्यात रुपयाएवढी गाठ आली. सुतारांनी रंधा मारून मारून घाम गाळला, पण ती मेली जागची हलेना. लाकूड वाळलं तशी ती आणखीच वर आली.

पाठवणीच्या वेळी सुतार नव्या जावयाला म्हणाले, "जवाईबापू, लाकूड अस्सल हाय, पर एका पाटाले गाठ हाय. समजून घ्याल."

जावई हसला. "असू द्या, मामाजी. गाठ कोनाले नसते?"

तो रत्नपाल शहारे. आमगावात राहायचा आणि पाट्या रंगवायचा. किराणा दुकानांची नावं, दवाखान्याच्या वेळा, विहाराच्या भिंतीवरचा बोधिवृक्ष, सगळं त्याच्या हातचं. कोहमाऱ्याच्या ढाब्यांवर 'भोजन तैयार है' लिहायला तो एसटीने रंगाचे डबे घेऊन जायचा. पण त्याचा जीव पाट्यांत नव्हता. घरामागे एक बोडी होती. बोडी म्हणजे आमच्याकडचं छोटं तळं, धानाला पाणी पुरवणारं. रत्नपाल रविवारी सकाळी त्या बोडीकडे तोंड करून दारात बसायचा आणि पाण्याच्या तळाशी काय चाललं असेल ते कागदावर काढायचा.

मांडीवर कागद नीट राहत नव्हता. म्हणून एक दिवस त्याने मला पालथा केला, करवत घेतली आणि माझी एक पट्टी काढून टाकली. सुलटा ठेवला तर मी पुढच्या बाजूने खाली झुकलो. झालं, चित्र काढायचं उतरतं मेज तयार!

दुर्गा पाणी घेऊन आली आणि बघते तर काय. तिचा पारा चढला. "माया बापानं आंदणात दिलेला पाट होय तो! त्याचा पाय कायले काढला?"

"आता तो बसायचा पाट नाही राहिला वो. आता तो कामाचा पाट झाला."

तिने दोन दिवस अबोला धरला. मला मात्र फार बरं वाटलं. भाऊ पाहुण्यांच्या बुडाखाली जायचा आणि माझ्यावर राज्यं वसायची. कोण श्रीमंत, तुम्हीच सांगा.

खरंच राज्य वसलं, मित्रांनो. बोडीच्या तळाशी गोगलगायींच्या शंखांची घरं झाली, त्यांवर कौलं चढली. मिशा पिळत फिरणारा मागूर मासा तिथला कोतवाल झाला. लाल पिशवी गळ्यात अडकवलेला सारस पोस्टमन झाला. तो काठावर उभा राहून नुसती मान पाण्यात घालायचा आणि वरच्या जगाची पत्रं खाली टाकायचा. बेडकांची बँड पार्टी होती. खेकडा शिंपी होता, कारण कात्र्या त्याच्या हातालाच होत्या.

दुर्गाचा अबोला या खेकड्यानेच मोडला. तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "खेकडा तं तिरका चालते. मंग तो मापं सरळ कशी घेईल?"

रत्नपाल एकदम उडालाच. त्या दिवसापासून बोडीखालच्या सगळ्या प्रजेचे कपडे तिरके झाले. राजाचा अंगरखासुद्धा एका बाजूने गुडघ्यापर्यंत आणि दुसऱ्या बाजूने कमरेपर्यंत. असा राजा तुम्ही कुठे पाहिला आहे का?

राहता राहिली माझी गाठ. रत्नपाल मेणखडू घासून रंग भरायचा आणि मग वरून पाण्याचा रंग फिरवायचा. खडू माझ्या गाठीवरून गेला की कागदावर एक गोल उमटायचा, आत बारीक बारीक कडी. पहिल्यांदा तो वैतागला. "आता या गाठीचं का करू?"

"तिले बी काही काम द्या," दुर्गा भाजी निवडता निवडता म्हणाली.

मग प्रत्येक चित्रात उजव्या कोपऱ्याला माझी गाठ कामाला लागली. कधी ती मागूर कोतवालाचा कंदील झाली, कधी शंखाच्या घराचा दरवाजा, कधी खेकड्याच्या सदऱ्याचं बटण. सुतार जिच्याबद्दल माफी मागून गेले होते, त्या माझ्या गाठीला मान मिळाला! मी तुम्हाला खोटं सांगत नाही, त्या वर्षांत माझ्याइतका सुखी पाट आख्ख्या तालुक्यात नव्हता.

आता कैलाशबद्दल सांगायला हवं. सांगताना आजही अंगाची लाही होते, पण सांगतो.

कैलाश कटरे हा रत्नपालचा शाळेपासूनचा दोस्त. आमगावातच एका प्राथमिक शाळेत मास्तर होता. शिकवायला चांगला, मी नाकारत नाही. विरामचिन्हांच्या बाबतीत तर भलताच कडक. पोराच्या वहीत स्वल्पविराम दिसला नाही की लाल पेनाने पानभर गोल करायचा आणि सांगायचा, "स्वल्पविराम म्हंजे श्वास. श्वास नाही घेतला तं मानूस मरते, अन् वाक्य बी मरते." त्याचं हे वाक्य आमगावच्या पोरांना पाढ्यांसारखं पाठ होतं.

तो दर रविवारी आमच्याकडे यायचा. दुर्गा त्याला माझ्या भावावर बसवायची, पोहे द्यायची. तो चित्रं बघायचा आणि बघता बघता गोष्ट रचायचा. पोस्टमन सारसाने एक दिवस चुकीचं पत्र टाकलं तर? कोतवालाची मिशी चोरीला गेली तर? रत्नपाल पोट धरून हसायचा. आधी चित्र आणि मागून गोष्ट, असं ते चालायचं. दोन वर्षांत चोवीस चित्रं झाली आणि सात गोष्टी झाल्या. दरम्यान घरात पिंकी जन्मली होती. ती रांगत यायची आणि माझी गाठ बोटाने खरवडायची.

२००३ च्या दिवाळीच्या सुट्टीत दोघांनी ठरवलं, पुस्तक करायचं. नागपूरला एका प्रकाशकाकडे पाठवायचं. चार वर्षांत माझ्या अंगावर ओरखडे फार झाले होते, म्हणून रत्नपालने नुकताच मला पांढऱ्या ऑइलपेंटचा जाडसर हात दिला होता. वरून वाळला होता, आतून कोवळा होता. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

चित्रांचा गठ्ठा बांधून झाला. वर लावायला एक कागद हवा होता. कैलाशने फुलस्केप माझ्यावर ठेवला आणि बॉलपेन काढलं.

"नावं कशी लिहू? पूर्ण लिहू का?"

रत्नपालने मान हलवली. "आडनावं नको लिहू गा. आडनाव वाचलं का लोक आधी मानूस कोन्या घरचा ते पाहातात, चित्र मागून पाहातात. पोरांच्या पुस्तकात ते नको."

"बराबर हाय. लेकरं का आपल्याले आडनावानं बोलावतात?" असं म्हणून कैलाशने पेन दाबून, घोटीव अक्षरांत एका ओळीत लिहिलं:

कथा कैलाश चित्रे रत्नपाल

चार शब्द. मधे ना रेघ, ना टिंब, ना स्वल्पविराम. पोरांचे कान पिळणारा मास्तर स्वतःच्या पुस्तकावर श्वास घ्यायला विसरला. उत्साहाच्या भरात विसरला, त्यात कपट नव्हतं. हे मी शपथेवर सांगतो, कारण ती अक्षरं माझ्या अंगावर लिहिली गेली. दुसऱ्या दिवशी रत्नपालने नवा रंग मळू नये म्हणून माझ्यावर खाकी कागद खळीने चिकटवून टाकला.

२००४ च्या जूनमध्ये पार्सल आलं. कैलाश ते न फोडता घेऊन आला, रत्नपालसमोर फोडायचं म्हणून. वरचं पुस्तक काढलं. 'बोडीखालचे राज्य'. मुखपृष्ठावर तिरक्या अंगरख्याचा राजा, कोपऱ्यात माझी गाठ, तिची पिवळी पणती केलेली. आणि खाली मोठ्या अक्षरांत: कैलाश चित्रे.

मित्रांनो, समजलं का काय झालं ते? नागपूरच्या माणसाला वाटलं, चित्रे हे कैलाशचं आडनाव! आडनावं नकोत म्हणून दोघांनी ठरवलं आणि छापखान्याने त्यांच्याच कागदातून एक आडनाव शोधून काढलं. उरलेल्या 'रत्नपाल'चं काय करावं हे तिथे कुणाला कळलं नसावं. तो शब्द आतल्या कोऱ्या पानावर मधोमध एकटाच छापला होता. माणसं एखाद्याला पुस्तक अर्पण करतात ना, तसा.

मग कैलाश कपाळावर हात मारून घेत म्हणाला, "अरे देवा! हे का करून ठेवलं यायनं! मी उद्याच पत्र टाकतो. दुसऱ्या आवृत्तीत बराबर होईल गा, तू मनावर नको घेऊ."

रत्नपाल हसला. हसला म्हणजे काय, ओठ हलवले. "होईल गा. छापखान्याची चूक हाय, तुई थोडीच हाय?"

मी वाट पाहिली. पत्र लिहायला कैलाशला माझ्याशिवाय जागा कुठली? पण त्या रविवारी त्याने लिहिलं नाही, पुढच्या रविवारीही नाही. तोवर पोरांची पत्रं येऊ लागली होती. 'प्रिय कैलाश चित्रे काका.' तो ती खिशात घेऊन फिरायचा आणि आमच्याकडे वाचून दाखवायचा. 'काका, तुमचा खेकडा मला फार आवडला. तुम्ही इतकं छान कसं काढता?' हे वाचताना त्याचा आवाज जरा खाली यायचा. पण तो वाचायचा.

तेव्हाच मला ओळखायला हवं होतं. पण मी पडलो पाट!

रत्नपालने पुन्हा माझ्यावरच चित्रं काढून दिली, आणि दुसरं पुस्तक आलं २००५ मध्ये. पुन्हा कैलाश चित्रे. दुर्गाने या वेळी पोह्यांची बशी जरा आपटूनच ठेवली. "मास्तर, तुमी पत्र टाकलं होतं ना?"

"वहिनी, आता ते नाव चालून राहिलं. मधेच बदललं तं वाचक गोंधळतात. प्रकाशक म्हंते, तिसऱ्याच्या वेळेस पाहू."

"नाव चालून राहिलं, पर कोनाचं?"

रत्नपालने तिला खुणेने गप्प केलं. दोस्ताशी भांडण नको म्हणून तो मूग गिळून बसला, आणि मला त्याचा राग आला. आजही येतो. स्वतःच्या हक्कासाठी त्याने तोंड उघडलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण त्याला वाटायचं, दोस्तीत सांगावं कायले लागते? समजायला पाहिजे.

त्याने पुन्हा चित्रं काढून दिली, आणि २००७ मध्ये तिसरं पुस्तक आलं. त्यात आतलं ते 'रत्नपाल'चं पानसुद्धा नव्हतं. त्या जागी होतं: माझ्या आईस.

आता यात छापखान्याची चूक कुठली, सांगा बरं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. ज्या दारात पोहे खाल्ले त्याच दारातून तो एक एक अक्षर उचलून नेत होता, आणि बसायला माझाच सख्खा भाऊ!

त्याच सुमारास फ्लेक्सचे बोर्ड आले. पाट्या रंगवणं बंद पडलं. कोहमाऱ्याच्या ढाबेवाल्यांनी रत्नपालला नमस्कार केला आणि दुसऱ्या आठवड्यात चकचकीत फ्लेक्स लावले. म्हणून त्याने ठरवलं, आता पुस्तकांच्या चित्रांवरच जगायचं. बोडीच्या काठच्या मोहाच्या झाडाला जिने आहेत आणि प्रत्येक फांदीवर एक बाजार भरतो, अशी बारा नवी चित्रं त्याने माझ्यावर काढली. त्याचं सर्वांत देखणं काम ते. माझी गाठ त्यात आकाशपाळणा झाली होती. या वेळी त्याने खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि ती चित्रं दुसऱ्या एका प्रकाशकाला पाठवली.

महिन्याने पत्र आलं. दुर्गाने मोठ्या हौसेने फोडलं आणि वाचू लागली. 'आपला हात चांगला आहे. मात्र ही चित्रे श्री. कैलाश चित्रे यांच्या चित्रांची नक्कल वाटतात. कृपया स्वतःची शैली शोधावी.'

रत्नपालने पत्र हातातून घेतलं, घडी घातली, आणि बराच वेळ माझ्या गाठीवरून अंगठा फिरवत बसला. स्वतःच्याच हाताची नक्कल! माणसाने जगावं तरी कसं?

तरीही आशा होती. २००८ च्या जानेवारीत कैलाशच्या शाळेत त्याचा सत्कार होता. पिंकी तिथेच दुसरीत शिकत होती. रत्नपाल इस्त्रीचा शर्ट घालून दुर्गाबरोबर निघाला. तिला म्हणाला, "आज सांगेल तो. आपल्या गावात, आपल्या लोकायसमोर खोटं कसं बोलेल?"

मी घरीच होतो. पण दोघं परत आल्यावर सगळं कळलं. दुर्गाने पदर खोचला, चूल पेटवायला गेली आणि तिथूनच ओरडली, "तोंड उघडाचं होतं ना तुमी! उभं राहून सांगाचं होतं!"

"का सांगू?" रत्नपाल म्हणाला. "पिंकीच्या वर्गातल्या त्या खुशबूनं विचारलं त्याले, का सर, सगळ्या चित्रांत कोपऱ्यात हा गोल काऊन हाय? तो थांबला. मायाकडं पाहिलं त्यानं, दुर्गा. मले वाटलं आता सांगते, आता सांगते. अन् तो म्हनला, ती माझी निशाणी आहे बाळा. प्रत्येक चित्रकार आपली एक निशाणी सोडतो."

मित्रांनो, ती माझी गाठ! शालीकराम सुतारांच्या अंगणात माझ्याबरोबर जन्मली, माझ्याबरोबर आंदणात आली. ती त्याची निशाणी? माझ्या अंगावर त्याने आयुष्यात एकदाच चार शब्द लिहिले होते, आणि एक रेघ ओढली नव्हती!

पण खरा घाव अजून पुढेच होता. रत्नपालने मला उचललं. मला वाटलं, आता तो काहीतरी काढेल, राग काढेल, रंग फासेल. त्याने मला तांदळाच्या पिंपावर पालथा घातला, झाकण म्हणून. उंदरांनी ढकलू नये म्हणून वर वरवंटा ठेवला. आणि गिरणीत कामाला लागला, तांदळाच्या पोत्यांवर पत्र्याचा साचा ठेवून गिरणीचं नाव रंगवायला. दिवसाला शेकड्याने तेच नाव. ते चुकत मात्र नव्हतं.

मी काय गुन्हा केला होता? कैलाशने त्याला फसवलं आणि त्याने मला. पाच वर्षं मी तोंड खाली करून तांदळाचा वास घेत पडलो. दुर्गा सकाळ-संध्याकाळ मला उचलायची, मापटंभर तांदूळ काढायची, पुन्हा ठेवायची. सुलटा मात्र कधी कुणी केला नाही. रंगांचे डबे सुकले. बोडीकडचं दारसुद्धा तो बंद ठेवू लागला. कैलाशची गोंदियाला बदली झाली, आणि रविवारचे पोहे बंद झाले.

२०१३ साली पिंकी आठवीत गेली. तिला चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसायचं होतं. बापाला विचारायची तिला भीती वाटायची, म्हणून आईला विचारलं. "आई, बाबा कायच्यावर काढत होते?"

दुर्गाने पिंपाकडे बोट दाखवलं.

पिंकीने मला उचलून अंगणात नेलं, सुलटा केला. पाच वर्षांनी ऊन! माझ्यावरचा खाकी कागद कुजून फाटला होता. तिने ओला फडका फिरवून तो खरवडून काढला. खाली पांढरा रंग, पिवळा पडलेला. तिने त्यावर परीक्षेचा पातळ कागद ठेवला आणि सावली घालायला पेन्सिल आडवी धरून घासू लागली. आधी कोपऱ्यात माझी गाठ उमटली. मग मधोमध, पांढरी पांढरी, अक्षरं उमटू लागली. क. था. ती थांबली, पुन्हा घासू लागली.

"बाबा! बाबा, इकडं या! पाटावर काही लिहिलं हाय!"

रत्नपाल आला. कागद हातात घेतला. 'कथा कैलाश चित्रे रत्नपाल.' दहा वर्षांपूर्वी कोवळ्या रंगात दाबून लिहिलेली ती ओळ मी जशीच्या तशी सांभाळली होती. मला दुसरं येतंच काय?

त्याने ती चार वेळा वाचली. "लिहिलं होतं गा त्यानं," तो म्हणाला. "मी समजत होतो, त्यानं चित्रांसाठी मायं नाव लिहिलंच नसंल, नुसतं अर्पण केलं असंल. कागद मी नीट पाहिलाच नव्हता. त्यानं तं लिहिलं होतं." आणि तो माणूस पोरीसमोर ढसाढसा रडला. चोर पहिल्यापासून चोर असता तर त्याला इतकं लागलं नसतं. तो एके काळी खरा दोस्त होता, हेच सहन होईना.

आता योगायोग म्हणा की काय म्हणा, त्याच दिवाळीत कैलाश आला. मोटारसायकल दारात लावली. अंगावर खादीचा झब्बा, खांद्याला शबनम. बोलण्यात गोंदियाची हिंदी शिरली होती. "क्या रत्नपाल, कैसा है भाई?"

दुर्गाने माझ्या भावाला पुढे सरकवलं. पाहुण्याला उभं ठेवायची पद्धत आमच्या घरात नाही.

चहा झाला. मग त्याने विषय काढला. प्रकाशकाला चौथं पुस्तक हवं होतं, मोठं, रंगीत. "गोष्टी तयार आहेत. फक्त चित्रं... तुझ्याशिवाय कोण काढेल? या वेळेस तुझं नाव आत टाकतो मी. 'साहाय्य' म्हणून."

रत्नपाल जमिनीकडे पाहत राहिला. पिंकी आत गेली आणि मला दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली. कैलाशसमोर ठेवलं. माझ्यावर तो पेन्सिलने घासलेला कागद, आणि बाजूला लाल पेन.

"काका, तुमी मले दुसरीत शिकवत होते," ती म्हणाली. "हे वाक्य तपासून देता का? याच्यात श्वास घ्याचा राहून गेला."

कैलाशने वाचलं. अक्षर ओळखलं, किती का जुनं असेना, आपलं अक्षर माणूस ओळखतो. त्याने पेन हातात घेतलं. खरंच घेतलं, मित्रांनो! टोक 'कैलाश' आणि 'चित्रे' यांच्या मधल्या जागेवर आणलं. कागदाखाली माझं लाकूड त्या टोकाची वाट पाहत होतं. एक एवढीशी रेघ. तेवढंच हवं होतं. दहा वर्षं तेवढंच हवं होतं.

"पोरी," तो हळू आवाजात म्हणाला, "आता लोक मले याच नावानं ओळखतात. दारावर तेच हाय, घरभरणीच्या पत्रिकेत तेच हाय. इथं रेघ मारली तं मायं नावच अर्धं होते."

गोंदियाची हिंदी कुठल्या कुठे पळाली होती.

रत्नपालने पहिल्यांदा मान वर केली. "अन् नाही मारली तं मायं किती राहाते, कैलाश?"

कैलाशने पेनाला टोपण लावून ते कागदावर ठेवलं, सरळ ठेवलं, आणि उठला. दुर्गाला "येतो वहिनी" म्हणाला. ती कप उचलू लागली. मोटारसायकल सुरू व्हायला तीन किका लागल्या.

चौथं पुस्तक निघालं नाही. आधीची तीन मात्र अजून विकली जातात, त्याच नावाने. रत्नपाल आजही गिरणीतच जातो. त्याने पुन्हा चित्र काढलं, असं गोड गोड सांगून मी तुमच्या तोंडाला पानं पुसणार नाही. काढलं नाही. फक्त बोडीकडचं दार आता उघडं असतं.

पिंकीने मात्र एक काम केलं. तिच्या शाळेच्या ग्रंथालयात 'बोडीखालचे राज्य'च्या अकरा प्रती होत्या. मधल्या सुट्टीत बसून तिने अकराही प्रतींवर 'कैलाश' आणि 'चित्रे' यांच्यामध्ये लाल पेनाने एक रेघ ओढली आणि पुढे बापाचं नाव लिहिलं. बाईंनी पकडलं, पुस्तकं खराब करते म्हणून. पिंकी म्हणाली, "बाई, खराब नाही केली. तपासली." बाईंनी घरी निरोप पाठवला. रत्नपाल शाळेत जाऊन आला, आणि घरी आल्यावर त्या दिवशी त्याने दोनदा भात वाढून घेतला.

मित्रांनो, तुमच्या हातात चित्रांचं पुस्तक येईल तेव्हा राजा बघा, खेकडा बघा, पण एकदा ते कुणी काढलं त्याचं नावही शोधा. सापडलं नाही तर विचारा, मोठ्याने विचारा. आणि दोस्ताच्या कामावर नाव घालायची वेळ आली तर घाई करू नका. श्वास घ्या. आमच्या घरात एका रेघेवाचून एक आख्खा माणूस पुसला गेला.

मी पुन्हा कामाला लागलो आहे. पिंकी माझ्यावर चित्रं काढते, माझी गाठ तिच्याही कागदावर उमटते. नवा कागद लावला की ती आधी त्या गाठीच्या गोलात आपलं नाव लिहिते, पिंकी रत्नपाल शहारे, आडनावासकट. मगच चित्राला हात लावते.